जावयाचा कोंबडा आणि माझी जंतमोहीम

मी एकदा मनावर घेतलं की काम तडीस नेल्याशिवाय राहत न्हाई! हे माझ्याबद्दल दुसरं कुणी म्हणत न्हाई, म्हणून मीच सांगून राहिलो. अन् ह्याच गुणापायी सध्या आमच्या सबंध तांड्यात माझ्याशी कुणी धड बोलत न्हाई.

झालं असं. आमच्या शिलाचं लग्न होऊन महिना झाला अन् निरोप आला की, रविवारी सोमेश्वर जावईबापू कनेरगाव नाक्याहून पहिल्यांदा जेवायला येणार. पहिल्या खेपेला जावयाला गावरान कोंबडा लागतोच. बॉयलर घातला तर दोन पिढ्या लोक नावं ठेवतात! मनकर्णेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्यासाठी एक लालभडक कोंबडा राखून ठेवला होता. नाव हवालदार. पण हवालदार अलीकडं सुकून चालला होता. तुरा फिका, पंख लोंबलेले, अन् शिटेत शेवयांसारखे जंत!

"काहून असा झाला हो ह्यो?" मनकर्णा रडवेली झाली. "जावयापुढं नुसती हाडं वाढू का?"

"तू फिकीर करू नको. मी हाये ना!"

बुधवारी गोरेगावला जाऊन जनावराच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध आणलं. कोणत्या वजनाला किती थेंब, कसं पाजायचं, सगळं त्यांनी समजावलं. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे..." ते म्हणाले, तेवढ्यात बाहेर तांड्याकडं येणारी जीप सुटून राहिली होती. "समजलं साहेब, समजलं!" म्हणत मी पळालो. मला अर्ध्यातच समजतं.

गुरुवारी हवालदार धरून घरच्या अकरा कोंबड्यांना औषध पाजलं. एकेकीला धरता धरता माझं धोतर फाटलं, नाकावर ओरखडा आला, पण मी हटलो न्हाई! अकरा झाल्या, तरी बाटलीत औषध भरपूर उरलं होतं. मग विचार केला, आपल्याच कोंबड्या बऱ्या करून काय उपयोग? सगळ्या एकाच उकिरड्यावर चरतात. जंत पुन्हा येणारच! मग काय, घरोघर फिरलो. प्रत्येक दारात भाषण, प्रत्येक कोंबडीला डोस. लोकांनी चहा पाजला. शकुंतलाबाई तर म्हणाली, "देविदासभाऊ, तुमी देवमाणूस!"

अडले फक्त इनायतचाचा. तांड्याच्या तोंडाशी त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, मागं तीन कोंबड्या अन् एक कोंबडा. "देविदास, मेरे मुर्गे को काय बी तकलीफ नही," ते म्हणाले. "बराबर बांग देऊन राहिला. राहू दे."

राहू दे? माझ्या मोहिमेत चार जीव सुटले तर ती मोहीम कसली! शुक्रवारी चाचा नमाजला गेले, अन् मी भिंतीवरून उडी मारली.

शनिवारी सकाळी डॉक्टरांना फोन लावला. काम काही नव्हतं, शाबासकी पाहिजे होती.

"साहेब, सबंध तांडा केला! सत्तर कोंबड्या!"

"अरे वा! आता चौदा दिवस, औषध अंगातून उतरेपर्यंत, त्यांची अंडी खायची नाहीत, मटण खायचं नाही. सांगितलंय ना सगळ्यांना? तेच तर सांगत होतो, तुम्ही जीपमागं पळालात."

 आत मनकर्णा पाट्यावर मसाला वाटून राहिली होती. तिला सांगितलं.

"मग दुसऱ्या कुणाचा आणा की एखादा!"

"दुसऱ्यांच्या बी केल्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

वरवंटा थांबला. तो वरवंटा तिच्या हातात असेपर्यंत मी दारातून आत गेलो न्हाई.

दुपारपर्यंत तांडाभर बोभाटा झाला. बाजारात न्यायची अंडी शकुंतलाबाईनं टोपलीसकट माझ्या ओट्यावर आणून ठेवली. "घे रे देवमाणसा! आता तूच बसून उबव!"

तेवढ्यात इनायतचाचा आले. काखेत कोंबडा!

"देख, अच्छा हुआ मैं माना नही," ते हसून म्हणाले. "शिला हमारी बी बेटी है. ले, जावई को खिला."

मनकर्णेच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मात्र जमिनीकडं बघून राहिलो. गप बसावं असं फार वाटलं. पण पोरीच्या नवऱ्याला अन् पोरीला काही झालं तर?

"चाचा... काल तुमी नमाजला गेलते ना..."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, कोंबड्याकडं बघितलं. "तौबा!" एवढंच म्हणाले अन् कोंबडा घेऊन निघून गेले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी बाराला मोटारसायकल दारात थांबली. शिला उतरली, जावई उतरले, अन् जावयाच्या पिशवीतून डोकं काढलं एका टपोऱ्या कोंबड्यानं!

"मामा, घरचा गावरान हाये. म्हटलं, मोकळ्या हातानं कसं यावं?"

काय सांगू तुम्हाला! मनकर्णेनं दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं माणसासारखं बघितलं अन् लगबगीनं चूल पेटवायला गेली. कोंबडा खाटेच्या पायाला बांधला. मी अन् जावई चहा पीत बसलो.

"मामा," जावई म्हणाले, "शिला सांगत होती, तुमी अख्ख्या तांड्याच्या कोंबड्यांचे जंत काढले म्हणं! आमच्याकडं बी लई तकलीफ हाये. कसं पाजायचं, दाखवा की."

बस्स! दोन दिवसांत मला कुणी इतकं इज्जतीनं बोललं नव्हतं. छाती अशी फुगली! कोनाड्यातून बाटली काढली, हाताशी असलेला कोंबडा उचलला.

"हे बघा जावईबापू. मान अशी धरायची, चोच अशी उघडायची, अन् हे असं..."

"गिळलं की हो!" जावई कौतुकानं ओरडले.

मी मान वर केली. दारात मनकर्णा उभी होती. हातात सुरी.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"चौदा," मी म्हणालो.

जावयानं पिठलं-भाकर खाल्ली. दोनदा मागून खाल्ली, पोरगं गुणाचं आहे. निघताना पाया पडला, पंधराव्या दिवशी येतो म्हणाला. मनकर्णेनं त्याच्या पिशवीत लोणच्याची बरणी ठेवली अन् वरून ती औषधाची बाटली.

"जावईबापू, ही तुमच्याकडं न्या. आमच्या घरात ठेवण्याजोगी न्हाई."

 पण अजून दोन कोंबड्यांपुरतं औषध होतं हो त्यात!