भेकरीणबाईंचं ऐतिहासिक भाषण

एका जंगलात, बालमित्रांनो, एक पाणवठा होता आणि त्या पाणवठ्याची एक परंपरा होती. आधी नरांनी पाणी प्यायचं, मग माद्यांनी. ही परंपरा कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. परंपरेचं तेच तर बरं असतं, कुणाकडे तक्रार करता येत नाही.

पावसाळ्यात कुणाची तक्रार नसे. उन्हाळ्यात मात्र पाणी खाली जाई. नर आधी उतरत. पीत, डुंबत, मग पाण्यात पाय सोडून जंगलापुढच्या प्रश्नांवर चर्चा करत. त्यांचं उरकेपर्यंत ऊन डोक्यावर येई आणि माद्यांच्या वाट्याला चिखल उरे.

या जंगलात कळावती नावाची भेकरीण राहत होती. भेकर म्हणजे एक लहानसं हरीण, पण ते भुंकतं. बिबट्याची चाहूल लागली की कळावती अशी भुंके, की अख्खं जंगल सावध होई.

त्या उन्हाळ्यात तिला पाडस झालं होतं. बकुळा तिचं नाव. चिखल पिऊन पिऊन कळावतीचं दूध आटलं होतं. बकुळा ढुशा देई आणि आई भलतीकडेच बघत राही.

एकदा तिने नवऱ्याला विचारलं. त्याचं नाव बळवंतराव.

"अहो, उद्या मीपण तुमच्याबरोबर पाण्यावर येऊ का?"

"माझं काही नाही गं," बळवंतराव म्हणाले. "मी पुढारलेल्या विचारांचा आहे. पण चार नर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"तेच तर माहीत नाही ना! म्हणून तर भीती वाटते."

त्याच सुमारास सिंहमहाराजांच्या कानावर आलं, की शेजारच्या जंगलात 'मादी सन्मान दिन' झाला. तिकडे झाला आणि आपल्याकडे नाही, हे काही बरं दिसेना. लगेच समिती नेमली. अध्यक्ष सिंहमहाराज, स्वागताध्यक्ष रानडुक्कर दादासाहेब, सजावटीला मोर आणि चिटणीस कोल्होबा. समितीत मादी एकही नव्हती. जिचा सन्मान करायचा तिलाच कामाला लावणं बरं नव्हे, असं कोल्होबांचं म्हणणं पडलं. मैदान झाडायला आणि तोरणं बांधायला मात्र माद्यांना बोलावलं. त्याला काम म्हणत नाहीत.

समारंभ थाटात सुरू झाला. नर पुढे सावलीत बसले, माद्या मागे उन्हात.

"मादी म्हणजे त्याग!" दादासाहेब म्हणाले. "ती स्वतः तहानलेली राहते, पण तक्रार करत नाही!" ते आताच पाण्यातून आले होते. बोलताना त्यांच्या अंगावरून थेंब ओघळत होते.

"मादी म्हणजे सौंदर्य!" मोर म्हणाला, आणि उदाहरण म्हणून स्वतःचा पिसारा दाखवला.

शेवटी सिंहमहाराज उठले. "मादी म्हणजे देवी! माझ्या घरी मी सिंहिणीला पूर्ण स्वातंत्र्य दिलं आहे. शिकारीला ती एकटी जाते. मी अडवत नाही." मागे सिंहिणीने जांभई दिली.

इतक्यात कोल्होबांच्या लक्षात आलं, की शेजारच्या जंगलात म्हणे एक मादी बोललीसुद्धा होती. ते सिंहमहाराजांच्या कानाला लागले. "आभार मानायला एखादी उभी करू या. ती कळावती चालेल. आवाज मोठा आहे आणि अंग लहान आहे."

ते लगबगीने कळावतीकडे आले. "अवघड काही नाही, वहिनी. नावं घ्यायची, आभार मानायचे आणि खाली बसायचं. आपल्या मनचं काही घालू नका."

"आणि हसतमुखाने," बळवंतराव पुटपुटले.

कळावती मैदानातल्या शिळेवर चढली. सभेत कुणी कुणाला खायचं नाही असा नियम होता, पण सभा संपल्यानंतरचं काही ठरलेलं नव्हतं. तिने समोर पाहिलं. पार मागे गजराबाई हत्तीण उभी होती. तिच्या पोटाच्या सावलीत बकुळा पडली होती. ती कोरड्या जिभेने ओठ चाटत होती.

"सिंहमहाराजांचे आभार," कळावतीने सुरुवात केली. "आम्ही देवी आहोत हे त्यांच्याकडून कळलं. देवीला तहान लागत नसावी. आम्हाला लागते. त्यामुळे आमचा आपला उगाच गैरसमज होत होता."

कोल्होबांनी कान टवकारले.

"दादासाहेबांचे आभार. ते आमच्याआधी पाण्यात लोळतात, म्हणून आमच्या पाण्याला जरा दाटपणा असतो. माझ्या यजमानांचे आभार. त्यांनी आज मला बोलायची परवानगी दिली. बिबट्या येतो तेव्हा मी भुंकते, त्या वेळी परवानगी लागत नाही. त्या वेळी ते माझ्यामागे उभे असतात."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कळावती एक पाऊल पुढे सरकली.

"आता थोडं माझ्या मनचं. माझं दूध आटलंय. माझं पाडस उपाशी आहे. आम्हाला देवी करू नका. त्यागी म्हणू नका. तहान तुम्हाला लागते तशीच आम्हालाही लागते. उद्या पहाटे आम्ही पाण्यावर येणार आहोत. तुमच्या पुढे नाही, मागे नाही, बरोबरीने. आम्हाला पाणी हवंय, सत्कार नको."

मग गजराबाईने सोंड वर करून असा चीत्कार केला, की तोरणं गळून पडली. माद्या पाय आपटू लागल्या. सिंहिणीने जांभई अर्धवट सोडली.

कळावतीने डोळे मिटले आणि सिंहमहाराजांच्या पंजाची वाट पाहू लागली. पंजा काही येईना. तिने डोळे उघडले, तर सिंहमहाराज आयाळीने डोळे पुसत होते.

"ऐतिहासिक!" ते गहिवरून म्हणाले. "ऐतिहासिक भाषण!"

मग काय विचारता! झाडून सगळे नर उभे राहिले. दादासाहेब तर हुंदके देऊन रडले. बळवंतराव जो भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची मंडळी! परवानगी मीच दिली."

दुसऱ्या दिवशी पहाटे बकुळाला घेऊन कळावती पाण्यावर गेली. मागे सगळ्या माद्या होत्या. पाहतात तो काय, नर पाण्याला कडं करून बसलेले.

"शू!" कोल्होबांनी पंजा वर केला. "हळू, वहिनी. तुमच्याच भाषणावर चर्चा चालली आहे."

"पण पाणी..."

"पाण्याचा मुद्दा शेवटच्या सत्रात घेतला आहे."

"काय बोललात हो, वहिनी!" दादासाहेब पाण्यातूनच म्हणाले. "आठवलं तरी घसा दाटून येतो." आणि घसा मोकळा करायला ते घटाघटा पाणी प्यायले.

त्या दिवशीही चिखलच मिळाला. भाषणाची कीर्ती मात्र वाढत गेली. पोपटांनी ते पाठ केलं. पाणवठ्याच्या वाटेवर भाषणाची स्मृतिशिळा बसवली. शिळा एवढी मोठी, की माद्यांना पाण्यावर जायला वळसा पडू लागला. 'सत्कार नको' हे वाक्य सर्वांना फार आवडलं, आणि त्या वाक्याबद्दल कळावतीचा सत्कार झाला.

सत्काराहून परतताना ती गजराबाईजवळ रडली. "भांडले असते तर मारलं असतं. नीट बोलले तर टाळ्या वाजवतात. आता मी करू तरी काय?"

गजराबाईने तिच्या पाठीवर सोंड ठेवली. "एक सांग. ही मंडळी एकदा भाषणाला बसली, की मधेच उठतात का गं?"

कळावती रडायची थांबली. "नाही. प्रत्येकाला बोलायचं असतं ना."

तिने डोळे पुसले आणि तडक कोल्होबांचं बीळ गाठलं.

"भावजी, माझ्या भाषणाचा खरा अर्थ अजून कुणी उलगडून सांगितला नाही हो. एखादी व्याख्यानमाला घ्या. पलीकडच्या टेकडीवर घ्या, तिथे आवाज छान घुमतो. आणि पहाटेच घ्या, पहाटे विचार शुद्ध असतात."

कोल्होबांचे डोळे चमकले. "आणि वक्ते कोण?"

"सगळेच."

पहाट झाली. जंगलातला प्रत्येक नर टेकडी चढून गेला. पहिलं व्याख्यान दादासाहेबांचं होतं. 'मादी: काल, आज आणि उद्या'. त्यांचा 'काल' संपायलाच चांगलं उजाडलं.

इकडे कळावती पाण्यात उतरली. पाणी नितळ होतं. तळाचे खडे दिसत होते. त्यांच्यावर एक तोंडही दिसत होतं. ते आपलंच, हे कळायला तिला एक क्षण लागला. चिखलात कुणाला आपलं तोंड दिसलंय? ती पोटभर प्यायली. शेजारी येऊन सिंहीण प्यायली, तिच्या शेजारी सांबरीण. कुणी कुणाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. टेकडीवरून टाळ्यांचा आवाज येत होता.

ऊन चढल्यावर नर खाली उतरले. घसे बसलेले, जिभा बाहेर. पाणवठ्यात पाहतात तर चिखल!

"या पाण्याकडे कुणाचं लक्ष आहे की नाही?" सिंहमहाराज कडाडले. ताबडतोब पाणी परिषद भरवायचं ठरलं. टेकडीवर. पहाटे.

बळवंतराव घरी आले ते फुशारूनच. "आज काय बोललो ठाऊक आहे? म्हटलं, आमच्या घरात तर पहिल्यापासून समान हक्क आहेत."

"छान बोललात," कळावती म्हणाली. "उद्या सविस्तर बोला."

तिच्या कुशीत बकुळा चुटूचुटू दूध पीत होती.

तात्पर्य: मादीच्या हक्कांवर नर बोलू लागले, तर मुलींनो, त्यांना मधेच थांबवू नये. उलट आणखी एखादा वक्ता सुचवावा. तेवढ्या वेळात पाणी पिऊन होतं.