दाजींची उचकी

आमच्या दाजींना उचकी लागली की ते पाणी पीत नसत, फोन उचलत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. उभी नोकरी जमीन मोजणीत गेली. राहतात लातुरातच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. कोणी आठवण काढली की उचकी लागते आणि त्याचं नाव घेतलं की ती थांबते, हे आपण सगळेच ऐकत आलो. दाजींचं तेवढ्यावर भागत नसे. ज्या नावाला उचकी थांबेल, त्याला फोन लावून ते खातरजमा करत.

"आत्ता माझी आठवण काढून राहिला होतास का?"

समोरचा हो म्हणाला की, "बघ, हद्द कायम झाली," असं बांधाची खूण पक्की केल्याच्या थाटात सांगून फोन ठेवत. देवणीचे त्यांचे एक जुने सहकारी एकदा खरं बोलून गेले, "न्हाई बा, गाईची धार काढून राहिलो." दाजी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून सगळे सोयरे शहाणे झाले. फोन वाजला की आधीच म्हणत, "हाव दाजी, आत्ताच तुमचा विषय निघाला होता."

अक्का आतून म्हणायची, "लोकान्ला खामखा खोटं बोलायला लावून राहिले. कोणाला फुरसत हाय तुमची आठवण काढायला? पाणी प्या गुमान."

अक्काला जाऊन आता सहा महिने होतील. दिवसकार्य उरकल्यावर मी त्या घरी फारसा गेलो नाही. तिकडे जायला म्हणून निघायचो आणि वाचनालयाकडे वळायचो. चौकशी फोनवर करायचो.

गेल्या महिन्यात चाकूरहून भाचीचा फोन आला. "मामा, बाबान्ला तीन दिवस झाले उचकी लागून. धड बोलता येईना. दवाखान्यात जा म्हणलं तर म्हणतात, अजून नावं संपली न्हाईत."

मी गेलो. दाजी खुर्चीत बसले होते, डोळे तारवटलेले, मांडीवर वही. वहीत नावंच नावं, एकेक खोडलेलं. सोयरे, सहकारी, ज्यांचे बांध मोजले ते शेतकरीसुद्धा. माझंही नाव होतं. खोडलेलं. तीन दिवस झोप नव्हती आणि घास उतरत नव्हता.

"उठा दाजी, दवाखान्यात जाऊ."

"थांब की," म्हणून त्यांनी एक उचकी जाऊ दिली. "एक नाव राहिलंय."

"मग घ्या ना."

"तुझ्या अक्काचं हाय. जल्मात कधी घेतलं न्हाई." त्यांनी वही मिटली. "आन् घेतलं आन् थांबली, तर? तीच आठवण काढत असंल, तर मला थांबवायची न्हाई, सुधाकर."

 मी म्हणालो, "अक्का असती तर तिनं परवाच रिक्षा बोलावली असती."

दाजी उठून चपला शोधू लागले.

डॉक्टर तरुण होते. "काका, उचकी दोन दिवसांच्या वर गेली की यायचंच. आणि बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, छातीत दुखलं किंवा उलट्या लागल्या, तर तेवढंही थांबायचं नाही." त्यांनी छातीचा ईसीजी काढला, मूत्रपिंड आणि साखर बघायला रक्त घेतलं, सुरू असलेल्या गोळ्यांची नावं विचारली. सगळं ठीक निघालं. पित्त मात्र फार वाढलं होतं.

"जेवता कसं?"

"उभ्यानंच, ओट्यापाशी. पाच मिनिटांत होतं."

"घाईत जेवलं की हवा पोटात जाते, काका. त्यानंही उचकी लागते. एवढी घाई कशाची?"

"घाई न्हाई," दाजी म्हणाले. "बसलं की समोरची जागा दिसती."

डॉक्टरांनी खाली बघून गोळ्या लिहिल्या. तिखट आणि सोडा बंद करा, बसून, सावकाश, थोडं थोडं जेवा, असं सांगितलं.

गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उचकी थांबली. दाजींनी तसं फोनवर कळवलं, पण आवाजात आनंद नव्हता. दुपारी मी डबा घेऊन गेलो. दोन ताटं वाढली आणि अक्काच्या जागेपाशी येऊन नुसताच उभा राहिलो.

दाजींनी पाट पुढे सरकवला. "बस की. तिचाच भाऊ हायस."

वरणभात, भाजी आणि एकेक पोळी. जेवायला आम्हाला पाऊण तास लागला.