महाराजांना आवडलेलं वाद्य

बाळांनो, गडबड नको, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात रेकॉर्डिंगची एक गुहा होती. तिच्या भिंतींना आतून जाड शेवाळ लावलेलं होतं, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नसे. ही गुहा चालवायचे नारोपंत साळिंदर. कान मोठा तयार. पान गळलं तर ते कुठल्या झाडाचं, हे पंत डोळे मिटून सांगत.

तिथले महाराज, म्हणजे सिंह, गाण्याचे मोठे शौकीन होते. तसं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. कुठलंही गाणं रेकॉर्ड होताना ते गुहेत येऊन बसत. आणि दरबारचा रिवाज असा, की महाराज गाणं ऐकत असताना त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. सगळ्यांनी माना खाली घालून वाजवायचं.

वसंतोत्सवाचं गाणं असंच रेकॉर्ड झालं. दुसऱ्या दिवशी महाराजांनी ते लावून ऐकलं आणि मध्येच कान टवकारले.

"थांबा. हे काय वाजतंय?"

कोकिळेच्या आलापामागे खरंच काहीतरी वाजत होतं. आधी खालून खर्जात घर्रर्र, मग वर एक बारीकशी शीळ.

"वा!" महाराज म्हणाले. "बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. उत्सवात हे वाद्य सगळ्यांसमोर वाजलं पाहिजे, नारोपंत. मला ते डोळ्यांनी बघायचंय. नाही वाजलं, तर गुहा तरसाला देऊन टाकू. तो कधीचा मागतोय."

नारोपंतांचे काटे उभे राहिले. असलं वाद्य त्यांनी गाण्यात घेतलंच नव्हतं. पण एवढा तयार कान असल्यावर "माहीत नाही" कसं म्हणणार? "जशी आज्ञा," असं म्हणून ते घरी आले आणि न जेवता झोपले.

सकाळी ते धनेशशास्त्र्यांकडे गेले. धनेश पक्षी म्हणजे जंगलातले सर्वांत मोठे वाद्यतज्ज्ञ. चोचच एवढी मोठी, की त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे. शास्त्रीबुवांनी तो आवाज ऐकला आणि मान डोलावली.

"घर्घरवीणा. अतिप्राचीन वाद्य. आता समूळ नष्ट झालंय."

"मग आपण कुठे ऐकलंत?"

"ऐकलं कुठे? नष्ट झालेल्या वाद्यांवर माझा अभ्यास आहे."

तिथून पंत माकडाच्या दुकानात गेले. माकडाकडे नवं यंत्र आलं होतं. त्याला आवाज ऐकवला की ते वाद्याचं नाव सांगे. यंत्र आधी म्हणालं, सनई. पुन्हा ऐकवल्यावर म्हणालं, पाण्याचा पंप. आणखी एकदा ऐकवलं, तर त्याने स्वतःच्या पसंतीचं भलतंच गाणं लावलं.

"अजून शिकतंय ते," माकड कौतुकाने म्हणालं.

उत्सव तोंडावर आला. आपल्या हाताने लिंपलेली गुहा तरसाच्या घशात जाणार, या विचाराने पंतांना रडू यायला लागलं. शेवटी त्यांनी ठरवलं, महाराजांचे पाय धरायचे आणि खरं काय ते सांगून टाकायचं.

भर दुपारी ते राजगुहेपाशी पोचले. राणीसाहेब दारात बछड्यांना चाटत बसल्या होत्या.

"बसा, पंत. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

पंत बसले. आणि आतून आवाज आला. घर्रर्र, आणि मागोमाग बारीकशी शीळ.

पंतांनी डोळे विस्फारले. त्या दिवशी रेकॉर्डिंगला सगळ्यांच्या माना खाली होत्या. महाराज ऐकत बसलेत की झोपलेत, हे बघणार कोण?

"राणीसाहेब, हे…"

"हे रोजचंच," राणीसाहेब म्हणाल्या. "मात्र त्यांना सांगायला जाऊ नका. लग्न झाल्यावर मी एकदा सांगितलं होतं. 'मी घोरतच नाही' म्हणाले, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत अबोला धरला. मी राणी होते म्हणून अबोल्यावर निभावलं."

पंत महाराजांना न भेटताच परतले. घरी येऊन पोटभर जेवले आणि कामाला लागले. गाण्यातला ढोल काढून टाकला. हरणांचे घुंगरू काढले. लय निम्म्यावर आणली. अस्वलाला सांगितलं, एकच सूर धर आणि तो सोडू नकोस.

उत्सवाच्या दिवशी महाराज भरपेट जेवून आसनावर बसले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. गाणं सुरू झालं, सावकाश पुढे सरकलं, आणि बरोबर कोकिळेच्या आलापाला ते वाद्य लागलं. रेकॉर्डिंगपेक्षाही भरदार. सगळं जंगल डोलायला लागलं.

"घर्घरवीणा!" धनेशशास्त्री शेजाऱ्याला म्हणाले. "मी सांगितलंच होतं."

टाळ्यांच्या कडकडाटाने महाराज दचकून जागे झाले.

"वाजलं का?"

"वाजलं, महाराज."

"मग मला कसं दिसलं नाही?"

पंत लगेच म्हणाले, "आपण तल्लीन होऊन डोळे मिटले होते."

"हं. ते होतं माझं तसं," महाराज म्हणाले. "पण वाजवलं कुणी? त्याला पुढे बोलवा."

कुणी पुढे आलं नाही. राणीसाहेबांनी तोंडावर पंजा धरला होता.

"ते पुढे येणार नाहीत, महाराज," पंत म्हणाले. "आपण हे वाजवतो, असं कुणी म्हटलेलंसुद्धा त्यांना खपत नाही."

महाराजांना गहिवरून आलं. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "विनय असावा तर असा. नाहीतर तुम्ही. नारोपंत, गुहा तुमच्याकडेच राहू द्या. आणि त्या कलावंताला माझा नमस्कार सांगा."

तात्पर्य : बाळांनो, संगीतकाराचा कान तयार हवाच. पण ज्याला आपली गुहा टिकवायची आहे, त्याने राजाला झोप लागेल असंच गाणं करावं.