ज्युबल स्टॉलकपचा डावा कान

‘आद्य घराणी मंडळा’ने अर्ज तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा विल्मा स्टॉलकप रविवारचा मांसाचा रोस्ट कापायला बसली होती. पत्र वाचून झाल्यावर तिने तो असा काही कापला, की तिच्या वडिलांना तो चमच्याने खावा लागला.

“पुन्हा नाही म्हणाली का ती इमोजिन?” व्हर्जिलने विचारले. नव्वदी ओलांडल्यापासून त्याला ऐकू कमी येई, पण लेकीच्या हातातली सुरी त्याला बरोबर कळे.

“पुरावा नाही म्हणे! आपला मूळपुरुष ज्युबल अठराशे सालाच्या आधी इथं राहत होता, याला पुरावा नाही!”

“मग काय झाडावर राहत होता?”

“तसंही असेल, बाबा. पण झाडाचा उतारा कुठून आणू?”

केंटकीतल्या त्या काउंटीत संस्थापक दिनाची मिरवणूक निघे. सर्वांत पुढच्या सजवलेल्या गाडीत आद्य घराणी बसत. गाडीमागे घोडे आणि घोड्यांमागे उरलेली जनता. विल्माने सगळी नोकरी टपाल कचेरीत काढली होती आणि टपालवाल्यांची जागा नेमकी घोड्यांच्या मागे होती. इतकी वर्षे खाली बघत, पाय जपत चालल्यावर माणसाला एकदा तरी गाडीत बसून लोकांकडे बघून हात हलवावासा वाटतो. तिला एवढेच हवे होते.

मंडळाची अध्यक्ष होती इमोजिन पेनेबेकर. विल्माची शाळेतली मैत्रीण म्हणा, वैरीण म्हणा, गावात दोन्हींत फारसा फरक करत नसत. लग्न झाले तरी तिने माहेरचे आडनाव सोडले नव्हते, कारण काउंटीतले पहिले धर्मोपदेशक एल्डर मायकेजा पेनेबेकर हे तिचे पूर्वज. त्यांचे भव्य चित्र चर्चमध्ये टांगलेले होते. एल्डरना पाहिलेले कुणी उरले नसल्याने चित्रकाराने समोर गावातला विमा एजंट बसवला होता. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी जुन्या मंडळींना पापांऐवजी थकलेले हप्ते आठवत.

आधीच्या खेपेला विल्माने संगणकावरून वंशवृक्ष उतरवून नेला होता. त्यात ज्युबल आपल्या आईपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता आणि झाडाच्या शेंड्यावर एक सम्राट बसला होता.

“सम्राटाचे वंशज तिकिटं चिकटवतात, हे बाई मला नवीनच!” इमोजिन भर सभेत म्हणाली. हशा ओसरायच्या आत तिने ठरावही मांडला. घरातल्या ऐकीव गोष्टी, बायबलच्या पुठ्ठ्यावरच्या नोंदी, संगणकावरची झाडे, सगळे बाद. त्या काळचा कोर्टाचा कागद दाखवा. जुन्या सभासदांनीही दाखवा. नियम सगळ्यांना सारखा, असे ती फार सुंदर म्हणे, कारण आजवर कुठलाच नियम तिच्या वाट्याला गेला नव्हता.

झाले! विल्मा कोर्टाच्या तळघरात जाऊन बसली. करांच्या यादीत ज्युबल नव्हता. “स्टॉलकपांना कर भरायची घाई कधी होती?” व्हर्जिल म्हणाला. जमिनीच्या खरेदीखतांत नव्हता. दिसेल ती जमीन आपली मानणाऱ्याला खत कशाला? लग्नांच्या नोंदीतही नव्हता. त्याला बायको होती, पोरे होती, मध्ये लग्न तेवढे राहून गेले होते. शेवटी शिंकून शिंकून नाक लाल झाल्यावर कोर्टाच्या कामकाजात तो सापडला. विल्मा इतक्या जोरात ओरडली, की वरच्या मजल्यावर चाललेला खटला थांबला.

पुढच्या सभेत ती उभी राहिली आणि तिने नक्कल खणखणीत वाचली. “सन सतराशे सत्त्याण्णव. ज्युबल स्टॉलकप याने कोर्टात हजर राहून साक्षीदारांनिशी शाबीत केले, की त्याच्या डाव्या कानाचा वरचा भाग मारामारीत मायकेजा पेनेबेकर याने चावून तोडला.”

सभेत कुणाचा तरी कप बशीत आपटला.

“खोटं!” इमोजिन उसळली. “कान गेला म्हणजे डुक्करचोर! तेव्हा डुक्कर चोरणाऱ्याचा कान कोर्टच कापायचं!”

“म्हणून तर तो धावत कोर्टात गेला, बाई! कान चोरीत नाही, भांडणात गेला, असं लिहून घ्यायला. चारित्र्याचा दाखला आहे हा.”

“एल्डर माणसाला चावतील? अगं, सत्त्याण्णव साली एल्डर या काउंटीत नव्हतेच! ते अठराशे तीन साली आले, हातात बायबल घेऊन!”

म्हातारे चिटणीस थर्मन यांनी पेन वर केले. “हे इतिवृत्तात लिहू का, मॅडम?”

आद्य ठरायला पूर्वज अठराशेच्या आधी इथे हवा. एल्डर चावले नाहीत, तर ती आद्य नाही. ती आद्य असेल, तर एल्डर चावले. विल्माला इतका आनंद झाला, की तिला खाली बसायचे सुचेना.

विल्माचा अर्ज मंजूर झाला. बाकीचे सभासद आपापल्या कागदासाठी तळघरात रांगा लावू लागले. नव्या अर्जावर पक्क्या सभासदाची सही लागे आणि तूर्तास पक्की सभासद एकच होती. शनिवारी तिच्या दारात इमोजिन उभी राहिली, हातात सुक्या मेव्याचा गोड ‘पेकन पाय’ आणि एक अर्ज.

“पुरावा?” विल्माने विचारले.

“तुझाच.”

“म्हणजे?”

“चावले होते,” इमोजिन पुटपुटली.

“मोठ्यानं बोल. बाबांना ऐकू येत नाही.”

“चावले होते, काका! एल्डर चावले होते! आणि अठराशेच्या आधी चावले होते!” शेवटचे वाक्य तिने जरा ताठ मानेनेच म्हटले.

विल्माला आता तिची दया आली. तिने पेन उचलले.

“चावणारच,” पेकन पायवर चमचा मारत व्हर्जिल म्हणाला. “डुक्कर त्याचंच होतं ना.”

“कुठलं डुक्कर?” दोघींनी एकदमच विचारले.

“ज्युबलनं पळवलेलं. एल्डरनं त्याला वाटेत गाठलं. पुढचे पाय ज्युबलच्या हातात, मागचे एल्डरच्या. हात कुणाचेच मोकळे नाहीत. मग माणूस करेल काय? आणि एल्डर तक्रार करायच्या आत आपला ज्युबल कोर्टात पोचला. आजोबा दर ख्रिसमसला सांगायचे.”

“बाबा! मी तळघरात धूळ खात होते, तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू मला कुठं विचारलंस?”

इमोजिनने विल्माकडे पाहिले, विल्माने इमोजिनकडे. विल्माने सही केली आणि इमोजिनने पेकन पायचा सर्वांत मोठा तुकडा काकांच्या बशीत वाढला.

संस्थापक दिनाला पहिल्या गाडीत दोघी बसल्या आणि मध्ये व्हर्जिल. संबंध वाटभर दोघी आळीपाळीने त्याच्या तोंडात काही ना काही भरवत होत्या. तो बोलायला तोंड उघडी, की घास आत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, “शेवटी घराण्याचे संस्कार गं, दुसरं काय!”