शिंकेचा घास

आबांच्या दहाव्याच्या सकाळी कमळाला ज्या शिंका सुरू झाल्या, त्या काही केल्या थांबेनात.

आमराई मोहोरली होती. पावस गावच्या उतारावरच्या कलमांचा वास घरात, पाण्याच्या हंड्यात, वाळत घातलेल्या कपड्यांतसुद्धा शिरला होता. मोहोर आला की नाकडोळे वाहायचे, ही कमळाची वडिलोपार्जित मिळकत. जन्मभर आमराई राखणाऱ्या भागोजीला, म्हणजे तिच्या आबांना, नेमका मोहोरच सोसत नसे. ते गेल्यापासून भेटायला येणारी माणसं तिचे लाल डोळे बघून हळहळत. "पोरीनं फारच लावून घेतलंन," असं ओटीवर बोलणं होई. खरं तर कमळा अजून रडलीच नव्हती. रत्नागिरीच्या शाळेत मराठी शिकवणारी, कवितेतला शोक मुलांना तासन्‌तास समजावून देणारी ही बाई. पण स्वतःच्या वेळी आत काही हलेचना. लोकांचं सांत्वन ती मोहोराच्या वतीने स्वीकारत होती.

"शिंकू नको गो बाय!" सोनूआते चुलीपासून ओरडली. ही आबांची धाकटी बहीण. "पऱ्यावर पिंड ठेवल्यावर अशी शिंकलीस तर कावळा फिरकायचा नाय."

"शिंक काय आपल्या हातात असते, आते?"

"बापासारकीच तू. जेवायला बसला की सुरू व्हायचा. तोंडाशी नेलेला घास शिंकेनं अडला की तो खायचा नाय, अपशकुन म्हणून कावळ्यांना टाकायचा. अर्ध्या भाकऱ्या त्यांनीच खाल्ल्या दादाच्या. म्हणून तर तसा वाळका ऱ्हायला."

कमळा हसली आणि पुन्हा शिंकली. पिंडाला कावळा शिवण्यावर तिचा विश्वास नव्हता. पण आबांचा होता, आणि आजचं जेवण आबांचं होतं. कावळा शिवला नाही, तर भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. गवताच्या कावळ्याने आबांची बोळवण करायची, हे मात्र तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"माज्याकडं गोळी हाय," बाबल्या म्हणाला. हा तिचा चुलतभाऊ मुंबईहून आला होता. आबांना मुलगा नव्हता, तेव्हा पिंड तोच देणार होता. "शिंक बंद, नाकपण मोकळं. आमच्या कंपनीत सगळी हीच घेतात."

कमळाने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. शिंका थांबवणारं एक औषध आणि चोंदलेलं नाक उघडणारं दुसरं, असं दोन्ही मिळून केलेली गोळी. गेल्या वर्षी तिच्या डॉक्टरांनी हीच दिली होती, आणि बजावलं होतं, "सुस्ती येईल. हिच्याबरोबर सर्दीची दुसरी कुठली गोळी घ्यायची नाही. आणि ब्लडप्रेशरवाल्यांनी तर हिच्या वाटेला जायचंच नाही." तिने एक गोळी पाण्याबरोबर घेतली. डॉक्टरांचं बजावणं तिच्या डोक्यात राहिलं आणि पाकीट देवळीत राहिलं.

शिंका थांबल्या. पण त्या देवळीला मग हात लागत गेले. बाबल्याचंही नाक हुळहुळत होतं, त्याने एक गोळी घेतली. इतक्यात दगडी गडग्यापलीकडची शेजारीण सुरय्या चहाची किटली घेऊन आली. तिचा नवरा कुवेतला. "ही घ्या भावजी, त्यांनी तिकडनं धाडलीय. भारीतली हाय," असं म्हणून तिने ओढणीच्या गाठीतल्या पाकिटातली तांबडी गोळी काढली. बाबल्याने एक देशी आणि एक इंपोर्टेड असा समतोल साधला. सोनूआतेचं नाक रडून रडून चोंदलं होतं. तिने कुणाला न विचारता देवळीतली एक उचलली.

पऱ्याच्या, म्हणजे उताराखालच्या ओढ्याच्या काठी पिंड मांडले, तेव्हा समोरच्या काजूवर कावळे भरपूर होते. बसले होते नुसते. वाडीच्या रीतीप्रमाणे बायका पऱ्यावर जात नसत, पण कमळा मागे राहिली नाही आणि तिला अडवण्याचं बळ त्या दिवशी कुणात नव्हतं. मग आते निघाली, आणि आतेला धरायला सुरय्या.

"सव्य करा," भटजी म्हणाले.

बाबल्या आडवा झाला.

"अहो, सव्य म्हणजे जानवं! झोपताय काय?"

"बाबल्या!" कमळाने त्याला गदागदा हलवलं. "काय घेतलंस तू?"

"दोन... एक माजी, एक भाभीची. नावं येगळी हायत गो..."

सुरय्याच्या गाठीत पाकीट होतं. कमळाने ते उजेडात धरलं. नाव वेगळं, रंग वेगळा; खालच्या बारीक अक्षरांत मात्र तीच दोन औषधं. "नावंच वेगळी, शहाण्या. एकाच औषधाच्या दोन गोळ्या गिळून बसलायस!"

"माजी एकच," सोनूआते हळूच म्हणाली.

कमळा वळली. तिची शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. "आते! तुला ब्लडप्रेशर हाय ना गो!"

"म्हणूनच छातीत ढोल वाजतोय काय? मना वाटलं, दादा बोलावतोय!"

"दादा नाय, गोळी बोलावते! सुरय्या, हिला डॉक्टरकडे ने, आत्ताच्या आत्ता. पाकीट दाखव. आणि बाबल्याचंही विचार."

दोघी गेल्या. बाबल्या काजूच्या सावलीत, हाक मारली की "ओ" देण्याइतपत जागा होता. भटजींनी पंचांगाने वारा घेत कमळाकडे पाहिलं. "तुम्हीच हाक घाला आता. तुमचेच वडील."

कमळा पुढे झाली. "आबा, आमराई विकणार नाही," ती म्हणाली. कावळे ढिम्म. "आतेला अंतर देणार नाही." एकाने मान वळवली, ती पाठ खाजवायला. "आबा, मी दर शनिवारी येत जाईन..." हे वाक्य पुरं होईना. ते आबा असताना म्हणायला हवं होतं, हे काजूवरच्या कावळ्यांनासुद्धा कळत असावं. गोळीने तिचं तोंड कोरडं पडलं होतं, नाक कोरडं, डोळे तर कातळासारखे. शिंक नव्हती, आसू नव्हतं, कावळा नव्हता.

दुपार कलली. भटजी खाकरले आणि त्यांनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या.

तेवढ्यात खाडीकडून वारा सुटला आणि सगळी आमराई घेऊन उतारावरून खाली आला. गोळीचा अंमल ओसरत होता. कमळाने नाक चिमटीत धरलं, श्वास रोखला, ओठ चावला. आता नको. आत्ता तरी नको. पण ती शिंक काही तिची एकटीची नव्हती. ती आबांची होती. पोटातून निघून, माळ्यावर चढून, मग कौलं हादरवणारी.

"हाऽऽ... आक्छी!"

भटजींच्या हातातला अर्धा कावळा खाली पडला.

आणि काजूवरचा पुरा कावळा खाली उतरला. त्याच्या मागून दुसरा, मग सगळेच. वर्षानुवर्षं मोहोराच्या दिवसांत त्या कावळ्यांना शिंक हीच पानं वाढल्याची हाक होती. सकाळपासून ते तिचीच वाट बघत होते, आणि घरातली माणसं ती गोळ्या देऊन अडवत होती. पहिल्याने पिंडाला चोच लावली, घास उचलला आणि तो आमराईकडे उडाला.

"दादाच शिंकला गो!" रिक्षातून उतरून येणारी सोनूआते गडग्याशीच थबकली. तिचं प्रेशर चढलं होतं. डॉक्टरांनी उतरेपर्यंत बसवून ठेवलं होतं आणि जन्माची ताकीद देऊन सोडलं होतं. बाबल्याला वाहन चालवू देऊ नका, नीट जागा होईपर्यंत नजर ठेवा, असा निरोप होता. तो सांगायचं विसरून आते हात जोडून उभी राहिली.

कमळा तिथेच कातळावर बसली. आधी खांदे हलले. मग डोळे वाहायला लागले, ते पदराला आवरेनात.

गलक्याने बाबल्या जागा झाला. "शिवला?" त्याने विचारलं. मग तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "बघ, मोहोर कसा बाधतो तुला. देवळीत अजून एक गोळी हाय. आणू?"

"उद्या घेईन," कमळा म्हणाली.