संतप्त चेहऱ्याची व्यवस्था

राष्ट्राभिमान ही भर उन्हात करायची गोष्ट आहे. ढगाळ हवेत तो नीट उमटत नाही आणि दुपारनंतर त्याच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. हे सत्य कुरामोची रित्सुओ यांना एकोणीस वर्षांच्या सेवेनंतर उमगलं होतं. टोकियोतल्या एका साप्ताहिकाचे ते छायाचित्रकार. दर पंधरा ऑगस्टला, म्हणजे युद्ध संपल्याच्या दिवशी, युद्धात मेलेल्यांना देव मानून पुजणाऱ्या देवळात जुन्या लष्करी गणवेशातली मंडळी संचलनाला येत, आणि कुरामोची त्यांचा राग टिपायला जात. राग मुखपृष्ठावर छापला जाई. (आत कलिंगड कसं निवडावं, याची माहिती असे.)

यंदाची उपस्थिती पुढीलप्रमाणे: छायाचित्रकार एकशे सत्त्याऐंशी, पोलीस नव्वद, निषेध करणारे चौदा (त्यांना पोलिसांनी दोन गल्ल्या अलीकडेच उभं केलं होतं, तिथून निषेध करण्याजोगं काही दिसत नव्हतं), आणि शाही सेना नऊ. सेनेचं सरासरी वय बहात्तर. युद्ध एकानंही पाहिलेलं नव्हतं. सर्वांत ज्येष्ठ सैनिक शरणागतीनंतर दोन वर्षांनी जन्मला होता आणि ती कसर भरून काढायला सगळ्यांत मोठ्यानं ओरडत असे.

सेनापती ओनिझुका न्हाणीघराच्या फरशा विकून निवृत्त झालेले. शिस्तीला फार कडक. संचलन तीनदा होई: एकदा समोरून, एकदा डावीकडून आणि एकदा ज्यांची गाडी चुकली त्यांच्यासाठी.

सकाळीच संपादकांचा फोन आला होता. "कुरामोची, गेल्या वर्षीचा म्हातारा हसतोय की काय असं वाटत होतं. यंदा राग पाहिजे, राग! नाहीतर पुढच्या वर्षीपासून फोटो बाहेरून विकत घेऊ." कुरामोचींच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती.

साडेअकराला ध्वजधारी वाकुई मटकन खाली बसले. त्यांना ऊन लागलं होतं.

"अरे, ध्वज! ध्वज सांभाळा!" सेनापती ओरडले. ध्वज वेळेत झेलला गेला. (वाकुईंना नंतर उचलण्यात आलं.)

आता पेच पडला. उरलेल्या आठांत दोघांचे गुडघे, तिघांच्या कमरा आणि एकाचा खांदा अनुपलब्ध होता. एकाच्या हातात बिगुल होता. आणि सेनापतींनी स्वतः ध्वज धरणं नियमात बसत नव्हतं.

"ध्वजाशिवाय कसला आलाय फोटो?" शिडीवरून नागासेबाई कडाडल्या. त्या एका दैनिकाच्या छायाचित्रकार. "नुसते म्हातारे सहलीला आल्यासारखे दिसताहेत! बाराच्या आत काहीतरी करा बुवा!"

सेनापतींनी जमावावरून नजर फिरवली. ती कुरामोचींवर येऊन थांबली.

"कुरामोची, तुमची उंची किती हो?"

"एकशे बहात्तर सेंटिमीटर. का?"

"वाकुईची पण तेवढीच."

"मी? अहो, आमचं साप्ताहिक तुमच्या विरोधात आहे!"

"असू दे की. तुम्ही एकोणीस वर्षं येताय. वाकुई सोळाच वर्षं येतोय."

कुरामोची घुटमळले. त्यांचे आजोबा न्यू गिनीत मेले होते, एकही गोळी न लागता, भुकेनं. आईनं आयुष्यात या देवळाची पायरी चढली नव्हती. पहिल्या वर्षी ती एवढंच म्हणाली होती, "फोटो काढायचा तर काढ. पण मान लववू नकोस. त्यांनी माझ्या बापाला भात दिला नाही आणि देव केलं."

एकशे शहाऐंशी छायाचित्रकार घड्याळं बघत होते. कुरामोचींनी आपला कॅमेरा नागासेबाईंकडे दिला. "मुखपृष्ठासाठी आहे. उभा काढा."

स्वच्छतागृहामागे गणवेश बदलण्यात आला. सदरा बरोबर बसला. बूट दीड मापानं लहान होते. पहिल्याच पावलाला कुरामोचींच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की सगळ्या शिड्या एकदम थरथरल्या.

"वा! तस्संच राहू द्या!" नागासेबाई ओरडल्या. "आणखी थोडा संताप!"

त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं.

बारा वाजता सारा देश एक मिनिट स्तब्ध झाला. (झाडांवरचे किडे किर्र ओरडतच राहिले, त्यांना अद्याप परिपत्रक मिळालेलं नाही.) देवळासमोर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कुरामोचींची गेली नाही. आईचा शब्द होता. ध्वज धरून ते ताठ उभे राहिले आणि त्यांना कधीच न पाहिलेले आजोबा आठवले. खिशात काय असेल शेवटी त्यांच्या? डोळे भरून आले. नेमका तोच क्षण नागासेबाईंनी टिपला.

'न झुकणारा जपान' या मथळ्याखाली तो मुखपृष्ठावर आला. संपादक हरखून गेले. "काय भयंकर माणूस आहे हो हा! कोण?"

"हंगामी कुणीतरी," कुरामोची म्हणाले.

साप्ताहिकाला चारशे बारा पत्रं आली. दोनशे सहा वाचकांना अभिमान वाटला, दोनशे सहांना भीती. फोटोतल्या माणसाचं नाव एकानंही विचारलं नाही. एकतीस तरुणांनी मात्र सेनेत भरतीसाठी अर्ज केले. ओनिझुका धास्तावले. "ही पोरं खरंच चिडलेली आहेत हो," ते कुरामोचींना फोनवर हळूच म्हणाले. "फोटोसाठी थांबा म्हटलं तर थांबत नाहीत."

वृद्धाश्रमातून आईचा फोन आला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची, प्रत्येक अंक भिंगाखाली धरून पाहणारी.

"रित्सुओ, बूट कुणाचे घातले होतेस रे?"

"...एका वाकुईंचे."

"चावत होते ना?"

"हो आई."

"मान लववलीस?"

"नाही."

तिनं भिंग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "शहाणा माझा. पण लोकांना ते कुठे दिसतंय, बाळा?"

पुढे तो फोटो जगभर फिरला. आपल्याकडेही आला, कुणाच्या तरी सुप्रभात-संदेशाखाली. तुम्ही तो मोठा करून पाहिलात. ताठ मान, डोळ्यांत पाणी, मागे एका रांगेत आठ जण. चहाचा कप खाली ठेवलात, 'बघा, याला म्हणतात शिस्त! नाहीतर आपल्याकडे!' असं लिहिलंत, आणि चार गटांत पाठवून दिलात.