बिनतिथीची लिंक

आमच्या ऑफिसातले टेंबेकाका वेबसाइटवरच्या लिंका कागदावर छापून वाचतात. फ्रीगंजात, टावर चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर आम्ही चार माणसं वेबसाइटी बनवतो. त्यातल्या एकाने तांबडी-निळी पेन्सिल घेऊन लिंकेखाली रेघा ओढत बसावं, हे मला सहन होत नाही. सर्व्हरने लिहिलेल्या तुकड्याखाली तांबडी रेघ, ब्राउझरने जोडलेल्या तुकड्याखाली निळी. ज्या तुकड्याचा धनी सापडत नाही त्यावर काका बोट आपटतात आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारतात, "भिया, हा कोणाचा?" भिया म्हणजे भाऊ; आमच्या इकडच्या मराठीत हिंदी मिसळलेलीच असते.

उत्तर दिलं तरी डब्याची गोष्ट चुकत नाही. "डबा घरून निघाला की निघाला! पोळी-भाजी घरच्यांनी भरली, ती सर्व्हरची. वरून मीठ किती, ते जेवणारा तिथे बसून ठरवेल, ते ब्राउझरचं. तुम्ही घरी बसून त्याचं मीठ कसं ठरवता? मोठे ज्योतिषी लागून गेलात!"

हा डबा मी सात वर्षं ऐकतोय. आमच्या चहावाल्यालाही तो पाठ आहे. एकदा काका घरी आले तेव्हा माझ्या सासूबाईंनीही ऐकला, आणि त्यांना तो पटला, याचा मला जास्त राग आला.

गेल्या पितृपक्षाआधी आम्ही एका मराठी गुरुजींची वेबसाइट केली. नदीकाठच्या सिद्धवट तीर्थावर श्राद्ध करायचं असेल त्या यजमानाने पहिल्या पानावर स्वतःचं आणि गेलेल्या माणसाचं नाव भरायचं, दुसऱ्या पानावर तिथी निवडायची आणि लिंक दाबायची. दुसरं पान तयार होताना सर्व्हरला नावं ठाऊक असतात. तिथी मात्र पान समोर आल्यावर यजमान निवडणार, म्हणजे ती ब्राउझरने ऐनवेळी लिंकेत जोडायला हवी. मी घाईत सगळी लिंक सर्व्हरवरच लिहून टाकली. तेव्हा कुणी तिथी निवडलेलीच नव्हती, जागा कोरी राहिली.

कोरी जागा लगेच सापडली असती, पण मी वर शहाणपणा केला होता. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध करतात, म्हणून कोरं दिसलं की अमावास्या धरायची अशी सोय मीच ठेवली होती. पितृपक्ष तीन दिवसांवर आला आणि गुरुजींचा फोन आला. "का हो, यंदा एकेचाळीस घरांत कोणालाच आपल्या माणसाची तिथी आठवत नाहीये का?"

काकांनी लिंक छापली. तांबडी रेघ सुरू झाली ती शेवटपर्यंत गेली.

"निळं कुठाय? अहो, निळं कुठाय? त्या लोकांना तिथी चांगली याद आहे, आणि तुम्ही त्यांना भुलक्कड ठरवून मोकळे! शरम वाटली पाहिजे, भिया!"

सगळ्यांसमोर! चूक माझी होती, कबूल. पण बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? लिंक मी दहा मिनिटांत दुरुस्त केली. अडचण पुढेच होती. लोकांनी निवडलेल्या तिथ्या आमच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, त्या शोधणार कुठे? एकेकाला फोन करून विचारणं भाग होतं. मी यादी काढली, अर्धी काकांना दिली.

मला वाटलं, आता हे यजमानांनाही डबा ऐकवणार. पण फोनवर निराळाच माणूस बोलत होता. "हो ताई, सावकाश सांगा. पंचमी ना? लिहिली. रडू नका. नाही नाही, तुमचं काही नाही चुकलं, गलती आमची आहे." माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. त्याने मी आणखीच चिडलो, कारण आता भांडायलाही जागा उरली नव्हती.

संध्याकाळपर्यंत चाळीस तिथ्या मिळाल्या. उरलेलं एकेचाळिसावं नाव माझ्या अर्ध्या यादीत होतं: सुलभा टेंबे.

काकू जाऊन दोन वर्षं झाली. तेरावं उरकून काका कामावर आले ते थेट लिंका छापायला बसले. आम्ही विषय काढला की ते प्रिंटरकडे जायचे. आणि गुरुजी तर त्यांच्याच गल्लीत राहतात!

"काका, ही बुकिंग तुमची? गुरुजींना नुसतं सांगितलं असतं तरी..."

"गेलो होतो. दोनदा गेलो," काका म्हणाले. "त्यांनी विचारलं, कोणाचं करायचंय? हवा-पाण्याच्या गप्पा मारून परत आलो. तोंडातून निघत नाही रे. पानावर निवडता येईल, असं वाटलं होतं."

आणि ते मी अमावास्येला ढकललं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा राग येईना, माझाच आला.

तिथी मी विचारली नाही. दुरुस्त केलेलं पान त्यांच्यासमोर उघडलं आणि गॅलरीत जाऊन खालची रहदारी बघत उभा राहिलो. मग आतून माउसची एकच टिक ऐकू आली.

आत येऊन यादी पाहिली. सुलभा टेंबे, अविधवा नवमी.